तूर ‘प्रतिकारक’ घेतली, तरी का मेली?

मे महिना लागला की बदनापूर, मंठा, भोकरदन, घनसावंगी अशा चहूकडून त्याच त्या शंका कानावर येतात. ‘यंदा कोणती तूर पेरावी?’ ही पहिली. दुसरीत कुरकुर असते: ‘मर प्रतिकारक म्हणून महागाचं बी आणलं, तरी जागोजागी झाडं वाळली. दुकानदारानं फसवलं का?’ आणि तिसरी, जरा दबक्या आवाजात: ‘प्रतिकारक वाणाला उतारा कमी पडतो म्हणतात, खरं का?’

या शंकांचे उत्तर एखाद्या वाणाच्या नावात मिळत नाही. तुमच्या शेतात कोणता रोग मुक्कामाला आहे आणि तुमच्या जमिनीत ओल किती दिवस टिकते, या दोन गोष्टी आधी पक्क्या करा. वाणाचे नाव त्यानंतर.

खरे तर बियाण्याच्या बाबतीत गोंधळण्याचे कारण जालनेकरांना नसावे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी जालन्यातच सुरू केली, पुढे १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइज मिळाले. तुरीचे वाण तयार करणारे कृषी संशोधन केंद्र तर आपल्या बदनापुरातच आहे. पण बियाणे जवळ मिळते म्हणून त्याची माहितीही जवळ मिळते असे होत नाही. दुकानात मे-जूनच्या गर्दीत कोण कोणाला काय समजावून सांगणार?

आधी शेतातला रोग ओळखा

‘तूर जळाली’ या एका शब्दात आपण तीन वेगळे रोग आणि चौथा पाण्याचा ताण गुंडाळून टाकतो. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

- मर. हा जमिनीतल्या बुरशीचा रोग. तूर फुलावर किंवा शेंगेवर आली की झाडे पिवळी पडून माना टाकतात, तीही शेतात ठिकठिकाणी, पट्ट्यापट्ट्यांनी. शंका असेल तर असे वाळू लागलेले झाड उपटा. खोडाच्या बुडापासून वर चढत गेलेला जांभळट-काळपट पट्टा दिसतो का पाहा. मग विळ्याने खोड उभे चिरा. साल आणि गाभ्याच्या मधल्या लाकडात तपकिरी-काळ्या रेघा दिसल्या तर ती मर समजा. लाकूड आतून पांढरे स्वच्छ असेल तर बहुधा मर नाही, पाण्याचा ताण किंवा दुसरे काही कारण शोधा. कधी कधी झाडाची एकच बाजू वाळते आणि दुसरी हिरवी राहते, तीही मरच.
- वांझ रोग. हा विषाणूचा. डोळ्यांना न दिसणारा एक बारीक कोळी वाऱ्यावर येतो आणि तो पसरवतो. झाड मरत नाही, हीच त्यातली फसगत. पाने बारीक, फिकट, त्यावर पिवळट-हिरवे ठिपके. झाड झुडपासारखे दाट होते आणि फुले धरत नाही. बऱ्याच जणांना वाटते, खत जास्त झाले म्हणून तूर माजली. शेजारच्या झाडाला शेंगा आणि याला एक फूल नाही असे दिसले तर पाने निरखून पाहा. अशी झाडे लहानपणीच उपटून शेताबाहेर टाकलेली बरी.
- खोडावरचा करपा. पाऊस लागून राहिला, वावरात पाणी साचले की कोवळ्या तुरीच्या खोडावर तपकिरी-काळे खोलगट चट्टे पडतात. तिथे खोड आवळल्यासारखे होते आणि वाऱ्याने मोडते. हा रोग सखल, पाणी धरणाऱ्या भागात येतो. मर प्रतिकारक वाण याला अडवत नाही.

गेल्या हंगामाची आठवण पुरेशी नसेल तर येत्या डिसेंबरात एक काम करा. शेतात पाच वेगवेगळ्या ठिकाणी लागोपाठ वीस-वीस झाडे मोजा आणि त्यातली किती मेली, किती वांझ राहिली हे वहीत लिहा. शंभर झाडांचा हा हिशोब पुढच्या वर्षीचा वाण ठरवताना कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त कामाचा आहे.

‘प्रतिकारक’ या शब्दात काय येते, काय येत नाही

वाणाची प्रतिकारशक्ती त्याच्या जनुकांत असते, म्हणजे ती बियाण्याबरोबरच येते. वरून फवारून आणता येत नाही. पण ती एका ठरावीक रोगापुरतीच असते. गोवराची लस घेतली म्हणून हिवताप टळत नाही, तसेच हे. तुरीतले ठळक उदाहरण ‘मारुती’ म्हणजे आयसीपी ८८६३ या वाणाचे. मर रोगाला तो उत्तम टिकतो. वांझ रोगाला मात्र इतका सहज बळी पडतो की संशोधक वांझ रोगाच्या चाचणीत ‘हमखास रोग येणारा’ वाण म्हणून त्यालाच मुद्दाम लावतात. तेव्हा पिशवीवर नुसते ‘रोग प्रतिकारक’ लिहिले असेल तर पहिला प्रश्न विचारा: कोणत्या रोगाला?

दुसरी गोष्ट टक्क्यांची. वाणाची परीक्षा रोगट वाफ्यात घेतात, म्हणजे जिथे मरीची बुरशी मुद्दाम वाढवलेली असते अशा जागी. तिथे दहा टक्क्यांपर्यंत झाडे मेली तरी तो वाण ‘प्रतिकारक’ गणला जातो. त्याहून थोडी जास्त मेली तर ‘मध्यम प्रतिकारक’. शंभरात चार-पाच झाडे वाळली म्हणजे फसवणूक झाली असे नाही, ते त्या शब्दाच्या अर्थातच बसते. शंभरात तीस-चाळीस मेली तर मात्र बियाण्याच्या शुद्धतेवर संशय घ्यायला जागा आहे.

तिसरी गोष्ट, रोगकारकही बदलतात. वांझ रोगाच्या विषाणूचे सौम्य आणि जहाल असे प्रकार आहेत. हैदराबादजवळ पाटणचेरूला टिकलेला वाण बंगळूरकडच्या जहाल प्रकारापुढे पडू शकतो. म्हणून दुसऱ्या राज्यात गाजलेला वाण इथे आणताना, तो मराठवाड्यात कुठे तपासला आहे हे विचारा.

आता ‘प्रतिकारक म्हणजे उतारा कमी’ या समजाविषयी. पूर्वी यात काही तथ्य होते. जंगली किंवा गावरान वाणातून रोगप्रतिकार आणताना त्यांचे नको असलेले गुणही सोबत येत. आता जनुकांच्या खुणा पाहून नेमके हवे तेवढे उचलता येते. भाताचे उदाहरण घ्या, जरी आपल्याकडे भात नावापुरताच असला. सांबा मसुरी हा बारीक तांदळाचा लोकप्रिय वाण जिवाणूजन्य करप्याने हैराण होता. हैदराबादच्या संशोधकांनी त्यात करप्याला रोखणारी तीन जनुके घातली आणि २००८ साली सुधारित सांबा मसुरी आला. तांदूळ तसाच बारीक राहिला. तीन जनुके अशासाठी की जिवाणूने एकावर मात केली तरी उरलेली दोन आड येतात. उतारा आणि प्रतिकार यांची जनुके बहुतांशी वेगळी असतात, ती एका झाडात आणणे हे पैदासकाराचे काम. तुरीचाही जनुकांचा आराखडा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ‘आशा’ या वाणाचा आहे, आणि तो वाण मर व वांझ दोन्ही रोगांना टिकणारा म्हणून आधीपासून लावला जातो.

याहून खोलात जाण्याची तुम्हाला गरज नाही. एवढे लक्षात ठेवा की मर असलेल्या शेतात जादा उताऱ्याचा पण मरीला बळी पडणारा वाण घेणे हा सर्वांत महाग सौदा आहे. आणि मरीचे नाव नसलेल्या शेतात केवळ ‘प्रतिकारक’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजण्यातही अर्थ नाही.

उताऱ्याचा आकडा वाचताना

माहितीपत्रकात आकडा हेक्टरी असतो आणि आपण तो एकरी समजून बसतो. हेक्टरी १८ क्विंटल म्हणजे एकरी जेमतेम सात-सव्वासात. शिवाय तो चांगल्या व्यवस्थापनातला, सलग पिकाचा आकडा असतो. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी असतील, किंवा कपाशीत मधूनच तुरीचे तास असेल, तर त्या आकड्याशी तुमच्या पोत्यांची तुलना करू नका.

उताऱ्याचे खरे गणित आपल्या जिल्ह्यात दिवसांवर चालते. जूनअखेर पेरलेली १५० दिवसांची तूर नोव्हेंबरअखेर हाती येते. १८० दिवसांची डिसेंबरच्या शेवटी. आता तुमची जमीन पाहा:

- भोकरदन, जाफराबादकडची हलकी-मध्यम, मुरमाड जमीन असेल आणि पाण्याची सोय नसेल, तर दिवाळीनंतर ओल राहत नाही. उशिराचा वाण शेंगा भरण्याच्या वेळी तहानेला येतो. इथे १५०-१६० दिवसांचाच वाण घ्या, त्याचा कागदावरचा उतारा थोडा कमी असला तरी.
- अंबड, घनसावंगी, परतूर भागातली गोदाकाठची भारी काळी जमीन असेल, किंवा फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना एखादे संरक्षित पाणी देता येत असेल, तर १६५ ते १८० दिवसांचा वाण आपला उतारा दाखवू शकतो.
- भारी जमीन आहे पण पाणी साचते? मग वाणाआधी निचरा. रुंद वरंबा-सरीवर तूर घ्या, नाहीतर खोडावरचा करपा तुमचे सगळे गणित मोडेल.

बदनापूरचे वाण: थोडक्यात

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राचे वाण बीडीएन आणि बीएसएमआर या नावांनी ओळखले जातात. दिवस हवामानानुसार पुढेमागे होतात.

- बीडीएन ७११: पांढऱ्या दाण्याचा, साधारण १५० ते १५५ दिवसांचा. कोरडवाहू, मध्यम जमिनीसाठी पहिला विचार याचा करावा असे माझे मत.
- बीडीएन २०१३-४१, म्हणजे ‘गोदावरी’: हाही पांढरा, सुमारे १६० ते १६५ दिवसांचा.
- बीडीएन ७१६: लाल दाण्याचा, सुमारे १६५ ते १७० दिवसांचा.
- बीएसएमआर ७३६: लाल, उशिरा येणारा, १७५ ते १८० दिवसांचा. मर आणि वांझ दोन्हींना प्रतिकारक. जुना असला तरी वांझ रोगाचा त्रास असलेल्या भारी जमिनीत अजून विचार करण्याजोगा.
- बीएसएमआर ८५३: पांढरा, हाही उशिराचा.

कोणता वाण कोणत्या रोगाला किती टिकतो, हे प्रत्येकाच्या माहितीपत्रकात वेगळे दिलेले असते. ते बदनापूर केंद्रात किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. लाल की पांढरी हा प्रश्न रोगाचा नाही, बाजाराचा आहे. तुमच्या आडतीवर कोणत्या रंगाला गिऱ्हाईक आहे ते तुम्हालाच जास्त ठाऊक.

क्षेत्र मोठे असेल तर दोन वाण विभागून पेरा. पाऊस लवकर उघडला तर लवकरचा तरतो, लांबला तर उशिराचा.

दुकानात उभे असताना

- खूणचिठ्ठीचा रंग पाहा. पायाभूत बियाण्याला पांढरी, प्रमाणित बियाण्याला निळी, सत्यप्रत बियाण्याला हिरवी. निळ्या चिठ्ठीमागे प्रमाणीकरण यंत्रणेची शेतपाहणी असते. हिरव्या चिठ्ठीवरचा शब्द हा फक्त कंपनीचा शब्द असतो. हिरवी वाईट असे नाही, पण जबाबदार कोण हे कळून घ्या.
- ‘रिसर्च वाण आहे’ या वाक्याने दबून जाऊ नका. कोणत्या रोगासाठी, कुठल्या भागात तपासला, किती दिवसांचा, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर पिशवी परत ठेवा.
- ‘बीटी तूर’ कोणी देऊ केली तर सरळ नकार द्या. जनुकीय बदल केलेल्या तुरीच्या लागवडीला देशात परवानगीच नाही. कपाशीतले बीटीसुद्धा बोंडअळीसाठी आहे, रोगासाठी नव्हे.
- पक्के बिल घ्या. त्यावर पीक, वाण, लॉट नंबर, वजन, किंमत आणि तारीख हवी. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार विक्रेत्याने बिल देणे आणि साठा व दर फलकावर लावणे बंधनकारक आहे.
- लिंकिंग नाकारा. बियाण्याबरोबर नको असलेले खत किंवा टॉनिक गळ्यात मारत असतील तर तालुका कृषी कार्यालयात किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात कळवा.

घरी आल्यावर पिशवी तळाकडून फोडा, म्हणजे वरची चिठ्ठी आणि शिलाई शाबूत राहते. मग उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडा, दुसरे ओले गोणपाट वर घाला, सैल गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सहाव्या दिवशी उघडा. नीट मोड आणि मूळ आलेले दाणेच मोजा, नुसते फुगलेले नकोत. तुरीचे प्रमाण किमान ७५ टक्के आहे. त्याखाली आले तर पेरणीआधीच दुकानदाराला लेखी कळवा. उगवणीवरून रोगप्रतिकार कळत नाही, हेही ध्यानात असू द्या. तो फक्त शेतातच कळतो.

घरचे बी ठेवायचे असेल तर

तूर सरळ वाणाची असेल तर घरचे बी चालते, पण सोयाबीनइतके निर्धास्तपणे नाही. तुरीच्या फुलावर मधमाश्या येतात आणि शेजारच्या वाणाचे पराग आणून टाकतात. तुमचा प्रतिकारक वाण आणि बांधापलीकडची गावरान तूर यांचा असा संकर झाला की पुढच्या पिढीत काही झाडे टिकतात, काही मरतात. ‘पहिल्या वर्षी एकही मेली नाही, तिसऱ्या वर्षी निम्मी गेली’ या तक्रारीचे हे एक मोठे कारण आहे.

- दुसऱ्या वाणापासून १०० मीटर लांब असलेल्या भागातलेच बी ठेवा. प्रमाणित बीजोत्पादनात हेच अंतर पाळतात.
- फुलोऱ्याआधी वेगळी दिसणारी, फुलोऱ्यानंतर रोगट झाडे काढून टाका. मर लागलेल्या झाडाचे बी ठेवू नका.
- तीन वर्षांनी बियाणे बदला. संकरित तुरीचे बी मात्र घरचे धरूच नका.

वाण चांगला असला तरी

मरीची बुरशी पिकाच्या अवशेषांवर जमिनीत तीन वर्षांपर्यंत तग धरते. त्याच वावरात दरसाल तूर घेतली तर प्रतिकारक वाणावरचा ताणही वाढतो. ज्वारी फेरपालटीला किंवा आंतरपिकाला घेतली तर मर कमी होते. पेरताना किलोला १० ग्रॅमपर्यंत ट्रायकोडर्मा चोळा. कापणीनंतर उभी राहिलेली धसकटे आणि बांधावर फुटलेली तूर उपटून टाका, कारण वांझ रोगाचा कोळी उन्हाळा तिथेच काढतो.

‘तुरीत मर आली, आता रब्बीत हरभराही मरेल का?’ असे बरेच जण विचारतात. तुरीची आणि हरभऱ्याची मर वेगवेगळ्या बुरशींची आहे. एकीमुळे दुसरी येत नाही, आणि तुरीतला प्रतिकार हरभऱ्याच्या कामाचा नाही.

नुकसान झालेच तर तुमचे हक्क

उगवण कमी झाली, किंवा फुलोऱ्यात भलतीच मिसळ दिसली, तर पीक शेतात उभे असतानाच तक्रार करा. कापणी झाल्यावर कोणी काही पाहू शकत नाही.

- पंचनामा. पंचायत समितीचा कृषी विभाग किंवा तालुका कृषी अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पाहणी करते. अहवालाची प्रत मागून घ्या. त्यात ‘रोगामुळे’ असे मोघम लिहिले असेल तर कोणता रोग आणि किती टक्के, हे लिहायला सांगा.
- बी राखणे आणि विकणे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ च्या कलम ३९ नुसार घरचे बी राखणे, पुन्हा पेरणे, अदलाबदल करणे, विकणे हा तुमचा हक्क आहे, वाण नोंदणीकृत असला तरी. बंधन एकच: ते ब्रँडच्या पिशवीत, ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.
- अपेक्षित कामगिरी. त्याच कलमानुसार नोंदणीकृत वाण विकताना त्याने कोणत्या परिस्थितीत काय द्यावे हे सांगणे पैदासकारावर बंधनकारक आहे. तसे घडले नाही तर त्या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. शेतकऱ्याला त्या कामकाजासाठी फी नाही.
- ग्राहक आयोग. शेतकरी हा बियाण्याचा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात २०१२ साली स्पष्ट केले. सगळे बी पेरून टाकले, तपासायला नमुना उरला नाही, एवढ्यावरून दावा बुडत नाही. तरीही मूठभर बी, चिठ्ठी आणि बिल एका डब्यात हंगाम संपेपर्यंत ठेवाच.

हरण्याजोगी तक्रार कोणती तेही सांगतो. मर प्रतिकारक वाणात शंभरात पाच झाडे वाळली, पाणी साचून करपा आला, किंवा १८० दिवसांची तूर मुरमाड रानात दाणे न भरता वाळली, तर दोष बियाण्याचा ठरणार नाही आणि तुमचे हेलपाटे फुकट जातील.

बाकी प्रकरणांत जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. बियाण्यासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि वकील देण्याची सक्तीही नाही.